गड्याचा रोज आणि बाईचा रोज



गळीत हंगाम जवळ आला की शेती गटात एकच विचारणा सुरू होते, "साहेब, आमच्याकडं कोयते किती देणार?" आम्हीही सवयीने सांगतो, दहा कोयते, बारा कोयते. आता दहा कोयते म्हणजे माणसं किती? वीस. आणि त्यांत दहा बाया. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. पण मुकादमाकडून उचल घेतो नवरा, कागदावर सही-अंगठा त्याचा, आणि हंगामाअखेरचा हिशेबही त्याच्याशीच. बाईने किती काम केले याची वेगळी नोंद बहुधा कुठंच होत नाही.

आपल्या स्वतःच्या रानातही तेच. लागणीला, खुरपणीला, खत टाकायला बाया येतात. गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, आणि बाईचा कमी. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाईचं काम हलकं असतंय." या उत्तराचा सभासदांनी एकदा नीट विचार करावा, म्हणून हा लेख.

मुंबईच्या एका बाईंचा दावा

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी आपल्या देशात समान वेतनाचा वटहुकूम निघाला व १९७६ साली त्याचा कायदा झाला. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी नावाच्या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा या बाई स्टेनोग्राफर होत्या. बाई स्टेनोग्राफरला पगार कमी आणि पुरुष स्टेनोग्राफरला जास्त, अशी तिथली रीत. १९७७ साली त्यांची नोकरी संपली. त्यानंतर त्यांनी या कायद्याखाली पगारातल्या फरकाची मागणी केली. रक्कम होती सुमारे सात हजार रुपये.

कंपनीने तीन गोष्टी पुढे केल्या. एक, बायका साहेबांच्या खाजगी स्टेनोग्राफर, त्यांचे काम वेगळे. दुसरी, पगार युनियनशी करार करूनच ठरला आहे. तिसरी, कंपनीची परिस्थिती बेताची, जादा पगार परवडत नाही. दावा खालपासून वर चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च १९८७ मध्ये बाईंच्या बाजूने निकाल लागला. काम सारखे आहे की नाही हे नावावरून ठरवायचे नाही. लागणारे कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी बघायची. बारीकसारीक फरक काढून पगार कापता येणार नाही. कराराची सबब चालणार नाही, आणि परवडत नाही ही सबबही चालणार नाही.

सभासदहो, या तिन्ही सबबी आपल्या ओळखीच्या नाहीत काय? "बाईचं काम येगळं." "बाया सोताच कमी रोजावर येत्यात." "ऊसच परवडंना, मजुरी कुठनं वाढवू?" मुंबईच्या कचेरीत जे बोलले गेले तेच आपण बांधावर बोलतो.

हलके काम म्हणजे कोणते?

आता फडातला हिशेब मांडू. एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते असे धरा. मोळी पंचवीस किलोची धरली तर ऐंशी मोळ्या झाल्या. गडी तोडतो, बाई ऊस गोळा करते, साळते, मोळी बांधते. मग भरणी आली की मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून वाहनात चढवते. मोळीत पाचट राहिले तर उताऱ्यावर परिणाम होतो, म्हणजे जबाबदारीही तिच्याकडे आहे. फडात येण्याआधी पहाटे उठून चूल पेटवलेली असते ती निराळीच. लागणीतही बघा. दोन डोळ्यांची टिपरी मांडताना डोळे बाजूला आले पाहिजेत. ते काम चुकले तर उगवण विरळ होते आणि नांग्या भरत बसावे लागते. याला हलके काम म्हणायचे कशाच्या आधारावर?

या हिशेबाबाहेर राहण्याची किंमत बायांनी अंगावर सोसली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पुरेसे पाणी, आजार अंगावर काढायचा आणि शेवटी डॉक्टर सांगेल ते करायचे, अशी ही साखळी आहे. या बाया आता गप्प बसलेल्या नाहीत. बीड भागात त्यांनी स्वतःची संघटना बांधली आहे. आमची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद करा, ओळखपत्र आमच्या नावाचे द्या, अशी त्यांची मागणी आहे. आम्हांला ती रास्त वाटते.

सभासदांना विनंती

१) लागण, खुरपणी, बेणे तोडणी यांत सारख्या कामाला सारखा रोज द्यावा. शेतीच्या किमान वेतनात बाई आणि गडी असा भेद सरकारने ठेवलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही समान वेतनाचे कलम आहे.

२) तोड आपल्या रानात असेल तेव्हा मोटारीचे पाणी टोळीला मोकळे ठेवावे. विहिरीजवळ चार कूड लावून आडोसा करावा. खर्च फार नाही.

३) मुकादमाशी बोलताना जोडीतल्या दोघांची नावे कागदावर येतील असा आग्रह धरावा.

४) २०१३ च्या कायद्याने शेतावरच्या मजूर बाईलाही लैंगिक छळाविरुद्ध दाद मागता येते. त्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घेण्यास मदत करावी, असे कायदाच सांगतो. ही माहिती टोळीतल्या बायांपर्यंत आपल्या घरातल्या भगिनींनी पोहोचवावी. त्यांच्याशी बाया मोकळेपणी बोलतात.

कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने लागवड आणि खताचे सांगावे, हे कशाला? पण टिपरी मांडण्यापासून मोळी चढवण्यापर्यंत ऊस बाईच्या हातून जातो. तेव्हा हाही उसाचाच विषय आहे. येत्या लागणीला हजेरीची वही उघडाल तेव्हा दोन रकाने एकदा शेजारी ठेवून बघा, आणि फरक कशाबद्दल आहे ते घरच्या मंडळींसमोर मोठ्याने सांगून बघा.

— ऊस विकास अधिकारी