ज्वारीच्या पानातील दोन पाळ्या

ज्वारीचा पोंगा उकलून पाहा. कोवळ्या पानाचा बुडखा फिकट, जवळजवळ पांढरा असतो. शेंडा मात्र हिरवागार. कारण हे पान बुडाकडून वाढते. नव्या पेशी तेथे जन्मतात व आधीच्या वर सरकतात. पेशीचे बालपण व प्रौढपण असे एकाच पानावर वाचता येते.

पेशीत लवके नावाचे सूक्ष्म कण असतात. तेच हिरवे होऊन उन्हावर अन्न शिजवितात. त्यांचे पूर्वज एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होते. पुढे त्यांची बहुतेक जनुके नष्ट झाली किंवा पेशीच्या केंद्रकात गेली. लवकाजवळ शंभर-सव्वाशे उरली. 1986 साली जपानी संशोधकांनी तंबाखूच्या लवकाची संपूर्ण जनुकलिपी वाचली.

ही जनुके एकदम कामाला लागत नाहीत. जिनिंग फॅक्टरीत हंगामाआधी फिटर येऊन यंत्रे बसवितो. कापसाच्या गाड्या मागून येतात. तसेच येथे. बुडाशी केंद्रकाने धाडलेला कारागीर लवकाची जनुके वाचतो आणि प्रथिने बनविण्याची यंत्रे व लवकाचा स्वतःचा कारागीर यांची जुळवाजुळव होते. मग दुसरी पाळी लागते. लवकाचा कारागीर अन्न शिजविण्याची जनुके जोराने वाचू लागतो. पण कोणते जनुक वाचायचे हे दाखविणारा मुकादम केंद्रकाकडूनच येतो. कार्बन वायू पकडणाऱ्या मुख्य प्रथिनाचे आठ मोठे भाग लवक बनविते, आठ लहान केंद्रकाच्या जनुकांवरून येतात. एकट्याने कोणाचेच भागत नाही.

पान प्रौढ झाले की बहुतेक जनुके मंदावतात. एक मात्र जागेच राहते. त्याचे प्रथिन उन्हाने सतत मोडते व रोज नवे बसवावे लागते.

शेवटी म्हातारे पान आपली प्रथिने मोडून नत्र कोवळ्या पानांना व कणसाला देते. जमिनीत नत्र कमी पडले तर हे अवेळी घडते व खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले तर वरची कोवळी पाने पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रत्येक पिवळे पान किडीचे नसते. मजुराच्या पाठीवर पंप चढविण्यापूर्वी पिवळे पान खालचे की वरचे, एवढे तरी आपण वाकून पाहावे.