थांबायचं कधी, हे घरातून निघतानाच ठरवा

आज आपण जुगाराबद्दल बोलणार आहोत. जुगार वाईट, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. तरीही उसाचं बिल जमा झालं, घोडेगावच्या बाजारात कांदा विकला, की चार-पाच जण गाडी करून गोव्याला निघतात आणि पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चढतात. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. त्यासाठी १९७६ साली केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र परवानगी आहे. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ: जाणाऱ्याने थांबायचं कधी?

आधी हिशोब बघू. कॅसिनोत रूलेट नावाचं चाक असतं. त्यावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे. समजा, प्रत्येक आकड्यावर शंभर रुपये लावले, तर लागले ३,७००. त्यातला एक आकडा येणारच. तो आला की हातात येतात ३,६००. शंभर रुपये मालकाचे. मटक्यात तर दहा आकडे आणि रुपयाला साधारण नऊ रुपये, म्हणजे दहातला एक रुपया गेलाच. एखाद्याला एखाद्या रात्री पैसे लागतात, हे खरं. पण प्रत्येक फेरीला मालकाची कात्री चालते. जितका वेळ बसाल, तितकी ती जास्त वेळा चालते.

मग माणूस उठत का नाही? हरणारा म्हणतो, “गेलेले तेवढे निघू दे, लगेच उठतो.” जिंकणारा म्हणतो, “आज नशीब जोरावर आहे.” दोघंही बसूनच राहतात. तिसरा म्हणतो, “इतक्या वेळा काळा आला, आता लाल येणारच.” १९१३ साली युरोपातल्या मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता लाल येईल, आता येईल, असं म्हणत लोकांनी लालवर पैसे लावले आणि ते बुडाले. मागच्या वेळी काय आलं होतं, हे चाकाला आठवत नाही. “तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच,” असं आपल्याला सांगतात ना? तोही असाच खोटा हिशोब. असल्या हिशोबाची किंमत बाईने मोजलेली आपण पाहिली आहे.

म्हणजे खेळता खेळता थांबायचं ठरवू म्हटलं तर ते जमत नाही. धर्मराजासारख्या माणसालाही जमलं नाही. राज्य गेलं, भाऊ गेले, तो स्वतः गेला आणि शेवटी द्रौपदी पणाला लागली. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

न जाणं हेच सगळ्यात चांगलं. तरी कुणी जाणारच असेल, तर निघण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा. किती पैसे? गेले तरी घराचं काही अडणार नाही तेवढेच, तेही रोख; एटीएम कार्ड घरी ठेवायचं. किती वेळ? उठायची वेळ आधीच ठरवायची आणि सोबतच्यांनाही सांगायची. आणि जिंकलो तर? ते पैसे खिशात टाकायचे, पुन्हा लावायचे नाहीत. तिथे पैशाऐवजी प्लास्टिकच्या चिप हातात देतात, त्यामुळे पाचशे गेले की पाच हजार, हे जाणवत नाही. बियाण्याचे, फीचे आणि गटाच्या हप्त्याचे पैसे त्याआधीच वेगळे काढा.

मोबाईलवरच्या जुगाराला तर ना वेळ, ना बोट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, नुसतं खेळणाऱ्याला नाही. तेव्हा घरातलं कुणी अडकलं असेल तर मदत मागायला घाबरू नका.

गटाच्या बैठकीत आम्ही एक आग्रह धरतो: जुगाराची उधारी फेडायला गटातून कर्ज नको आणि मंगळसूत्रही गहाण नको. एकदा उधारी फिटली की तो माणूस पुन्हा खेळायला मोकळा होतो. त्याऐवजी किती देणं आहे आणि कुणाचं, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

ठरवूनही थांबता येत नसेल, पैशांबद्दल खोटं बोलणं सुरू झालं असेल, तर तो आजार समजा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर भांडण बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच फोन लावा. पैसा पुन्हा उभा करता येतो, माणूस नाही.