परत मागवणी आणि सुट्या भागाचे नाव

मोटारीचा सदोष भाग उत्पादकाने परत मागविणे ही क्रिया वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. परंतु तिचा पाया नामकरणाचा आहे. जी वस्तू परत मागवावयाची, तिला सजातीय वस्तूंपासून वेगळे काढणारे नाव असावे लागते. नावच नसेल, तर हाक कोणाला घालावयाची?

ऑगस्ट २०१९ मध्ये महिंद्र कंपनीने 'एक्सयूव्ही ३००' या मोटारीच्या सस्पेन्शनमधील एका भागाची तपासणी जाहीर केली. १९ मे २०१९ पर्यंत तयार झालेल्या मर्यादित गाड्यांपुरतीच ती होती, आणि दुरुस्ती विनामूल्य होती. अशी निवड शक्य होते, कारण प्रत्येक गाडीस सतरा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो आणि विक्रीच्या नोंदीत तो मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. क्रमांक हे येथे विशेषनामच होय.

बाजारातून घेतलेल्या सुट्या भागाची गोष्ट निराळी. समजा, भिवंडीहून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघालेल्या एका मोटारीचा बॉल जॉइंट निकामी झाला आणि वाटेवरच्या दुकानातून नवा बसविला. गाडीचा क्रमांक पूर्वीचाच राहिला. नवा भाग मात्र त्या नोंदीत आलाच नाही. पावतीवर 'बॉल जॉइंट, १ नग' एवढेच सामान्यनाम उरले. पुढे त्या घाण्यात दोष असल्याचे उघड झाले, तर त्या मालकापर्यंत वार्ता पोहोचणार कशी? हा प्रश्न शब्दच्छलाचा नव्हे. सांध्यातील गोळा खोबणीतून निसटला की चाक कलंडते आणि धावत्या गाडीवरचा ताबा सुटतो.

व्यवहारातील शब्दही येथे घोटाळा वाढवितात. 'कंपनीचा' आणि 'डुप्लिकेट' असे दोनच वर्ग सामान्यतः मानले जातात. वास्तविक दुसऱ्या वर्गात दोन भिन्न वस्तू एकत्र आल्या आहेत. एक, स्वतंत्र कारखानदाराने स्वतःच्या नावाने केलेला भाग. दुसरी, दुसऱ्याच्या नावाने खपविलेली नक्कल. पहिल्यास उत्तरदायी धनी असतो. दुसऱ्यावरील नावच खोटे असल्याने हाक भलत्याच दारी जाते. एकाच शब्दाने दोहोंची संभावना केल्यामुळे प्रामाणिक कारखानदारावर अन्याय होतो, आणि ग्राहकास धोक्याची प्रतवारी कळत नाही.

कायद्याची वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या ११०अ या कलमात परत मागविण्याचे कर्म 'वाहन' हे आहे. 'भाग' येतो तो 'ज्यात असा भाग आहे' अशा विशेषणवाक्यात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियमही सात वर्षांच्या आतील वाहनांना उद्देशून आहेत. १८२अ कलमात सुरक्षेस अत्यावश्यक ठरविलेला निकृष्ट भाग विकणाऱ्यास प्रतिभाग एक लाख रुपये दंड वा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तथापि शिक्षेने विकला गेलेला भाग परत येत नाही. उलट, अमेरिकेच्या १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्यात 'वाहनसामग्री' ही स्वतंत्र संज्ञा असल्याने बदली भागाचा उत्पादक स्वतःच परत मागवणीस बांधील ठरतो. भारतात ही उणीव काही अंशी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा भरून काढतो. त्याच्या २० व्या कलमान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास धोकादायक 'माल' परत मागविण्याचा आदेश देता येतो, आणि सुटा भाग हा माल आहेच.

तात्पर्य, आदेशाचा अधिकार आहे. उणीव आहे ती पत्त्याची. पावतीवर उत्पादकाचे नाव, भागाचा क्रमांक, घाण्याचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक या चार गोष्टी लिहिल्या, तर सामान्यनामाचे विशेषनाम होते. मग घातलेली हाक ऐकू जाण्याची शक्यता तरी निर्माण होते.