गाय, डोळा आणि लस

गेल्या महिन्यात ताईच्या बाळाला डोस देऊन घरी आलो, तर आजीने विचारलं, "काय रे, देवी काढल्या का?" मी खो-खो हसलो. आजी नाही हसली. तिच्या दंडावर दोन गोल वण आहेत. तिच्या थोरल्या भावाच्या दंडावर ते नव्हते. तो सहा वर्षांचा असताना देवीने गेला.

'देवी काढणे' म्हणजे देवीची लस टोचणे, हे मला (कॉन्व्हेंटवाल्याला!) तेव्हा कळलं. मग म्हटलं, 'व्हॅक्सिन' तरी कुठून आलं? तर चक्क गायीपासून!

लॅटिनमध्ये 'व्हाका' म्हणजे गाय. इंग्लंडमधल्या बर्कली गावी १४ मे १७९६ रोजी डॉक्टर एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या, गायीपासून आलेल्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे त्याला खऱ्या देवीही टोचून पाहिल्या (आज असं करायला कोण देईल?), पण त्याला काही झालं नाही. १७९८ च्या पुस्तकात जेन्नरने या रोगाला लॅटिन नाव वापरलं, त्याचा अर्थ 'गायीच्या देवी'. १८८१ मध्ये लुई पाश्चरने सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ सगळ्याच रोगांच्या लशींना हा शब्द वापरावा. म्हणून कोविडच्या लशीच्या नावातही गाय आहे.

त्याआधी माणसाच्याच देवी माणसाला टोचत. त्याला 'इनॉक्युलेशन' म्हणत. त्यातला 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. हा मुळात बागकामातला शब्द! आपला माळी गुलाबाच्या कलमाला 'डोळा भरतो' ना, अगदी तोच डोळा.

आणि आपली 'लस'? जखमेतून पाझरते ती. मुंबईत पहिली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. लस आली बसऱ्याहून. तेव्हा फ्रीज कुठला? एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढायची, दुसऱ्याच्या दंडात टोचायची, अशी तिची साखळी चाले. आपल्या भाषेत कोल्ड चेन, फक्त कोल्ड नसलेली. म्हणजे मराठी शब्द शब्दशः खरा!

देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. म्हणून बाळाला आता देवी काढत नाहीत, असं आजीला समजावलं. तिने तरी दोनदा विचारलं, "नक्की ना?"