कर्बवायू वाढला म्हणून कणीस वाढत नाही

"कार्बन डायऑक्साइड हे तर वनस्पतींचे अन्न, तेव्हा हवेत तो जितका वाढेल तितकी पिके जोमाने येतील, आणि हवामानबदलाची ही सारी ओरड नाहक आहे," हे विधान नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांपासून शहरी दिवाणखान्यांपर्यंत इतक्या ठिकाणी आणि इतक्या बिनदिक्कतपणे ऐकावे लागते, की त्याचा एकदा रीतसर समाचार घेणे आता टाळता येत नाही.

त्यातील सत्यांश प्रथम मान्य करू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत या कर्बवायूचे सुमारे 280 भाग होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 च्या घरात होते, आणि आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. कापूस, गहू, तूर, भात, मिरची यांच्या पानांतील रुबिस्को नावाचे विकर कर्बवायूऐवजी पुष्कळदा चुकून प्राणवायूच पकडते व केलेली कमाई वाया घालवते. कर्बवायू वाढला म्हणजे ही चूक कमी होते आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो. येथवर तक्रार नाही.

परंतु ज्या नंदुरबार जिल्ह्यात दादर ज्वारी, मका, बाजरी आणि ऊस ही पिके आहेत, तेथे हा दाखला देणाऱ्याने एकदा ज्वारीचे पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. प्रत्येक शिरेभोवती ठसठशीत हिरव्या पेशींचे एक कडे दिसते. बाहेरच्या पेशी कर्बवायू पकडून या कड्यात सोडतात आणि रुबिस्कोला तो तेथे आधीच भरपूर मिळतो. उसातील या व्यवस्थेचा सुगावा हवाईतील संशोधकांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केला, आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी पुढील वर्षापासून तिचा उलगडा केला. ज्याचे कोठार भरलेलेच आहे त्याच्या दारी आणखी पोती आणून टाकल्याने काय साधणार? अमेरिकेतील इलिनॉय येथे मोकळ्या शेतात मक्यावर 550 भागांपर्यंत कर्बवायू सोडून पाहिला, तेव्हा पुरेसे पाणी असता उत्पन्न वाढले नाही. अवर्षणात मात्र पर्णरंध्रे आकसल्याने पाण्याची बचत होते व थोडा लाभ पदरी पडतो, एवढे खरे.

उरली कापूस-गव्हाची गोष्ट. बंदिस्त काचगृहांतील प्रयोगांवरून जो लाभ वर्तवला गेला होता, तो मोकळ्या शेतातील प्रयोगांत भात, गहू, सोयाबीन यांच्या बाबतीत जवळपास निम्म्यावर आला, असा हिशेब 2006 मध्ये स्टीफन लाँग व सहकाऱ्यांनी मांडला. त्याचे कारण उघड आहे: कर्बवायू पकडणे हा या प्रक्रियेचा एक टप्पा आहे, सर्वस्व नव्हे. तिची रचनाही बारीक आहे: प्रफुल्लचंद्र विष्णु साने (पुढे त्यांनी जळगावच्या जैन इरिगेशनमध्ये संशोधन केले) यांनी 1970 मध्ये सहकाऱ्यांसह हरितलवकातील पडदे विलग करून दाखवले, की प्रकाश पकडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी पहिली चळतींबाहेरच्या पडद्यांतही असते, तर दुसरी मुख्यतः चळतींत. इतक्या बारकाईने रचलेल्या या कारखान्याला प्रकाश, पाणी, नत्र आणि माफक उष्णता ही सारीच लागतात. आणि हाच कर्बवायू तापमान वाढवतो, ज्यामुळे रुबिस्कोची चूक पुन्हा बळावते. पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर मिरचीची फुले गळतात, त्यांना हवेतल्या वाढीव अन्नाचा काय उपयोग? शिवाय बांधावरचे गाजरगवतही त्याच हवेवर वाढते, याचा सोयीस्कर विसर पडतो.

सर्वांत गंभीर गोष्ट दाण्याच्या पोटात आहे. सॅम्युएल मायर्स व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार 550 भागांच्या आसपासच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे 9, लोह 5 आणि प्रथिने 6 टक्क्यांनी घटली. भातातही घट झाली. ज्वारी-मक्याला हा फटका तुलनेने कमी. कुपोषणाची नोंद वर्षानुवर्षे होत आलेल्या, याच जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत रेशनमधून गहू-तांदूळच पोचत असेल, तर पिकाचे वजन वाढले म्हणून समाधान मानणे म्हणजे रकमेचा आकडा पाहून नाण्यांचा कस न पाहणे होय.

याच कुळातील किरकोळ समजांचा निकाल थोडक्यात लावू. पिंपळ रात्री प्राणवायू देतो, हे खोटे. पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू सुटण्यास प्रकाश लागतो. रात्री झाडाखाली झोपणारा गुदमरतो, हेही खोटे. उघड्यावर कर्बवायू साचून राहत नाही. झाडे कर्बवायूतून प्राणवायू काढतात, हे चूक. तो पाण्यातून येतो, हे रुबेन व कामेन यांनी 1941 मध्ये दाखवले. ॲमेझॉन जगाला एकपंचमांश प्राणवायू पुरवते, हेही चूक. ते अरण्य आपला बहुतेक प्राणवायू स्वतःच खर्चते.

तेव्हा कर्बवायूचे गुणगान करणाऱ्यास इतकेच विचारावे: कोणत्या पिकाला, किती पाण्यावर, किती तापमानात, आणि दाण्यात काय शिल्लक राहून? या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्याचे म्हणणे अर्धवट माहितीचे समजावे, आणि त्यावर शेतीचा वा धोरणाचा कोणताही निर्णय घेऊ नये.