जलरंगातली त्वचा आणि रेशीम

पारंपरिक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कोरा कागद हाच उजेड. म्हणून व्यक्तिचित्र फिकटाकडून गडदाकडे रंगवत न्यायचे. त्वचेसाठी यलो ऑकरमध्ये किंचित लाल मिसळून पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मगच गाल, कान, बोटे यांवर लालसर आणि हनुवटीखाली निळसर छटा चढवावी. घाई केली तर रंग मळतो.

मऊ सुती चुण्यांसाठी ओल्या कागदावर रंग सोडावा. कडा आपोआप विरघळतात. रेशमाची चमक मात्र ठळक कडांनी आणि कोरा कागद राखून येते. इंग्लंडमधले कॉव्हेंट्री एकेकाळी रेशमी फितींच्या विणकामासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या हर्बर्ट संग्रहालयातल्या फितींवर ही चमक निरखता येते.

त्वचा आणि वस्त्र यांचा मेळ पाहायचा, तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ पाहावे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या या जलरंगचित्रात दिव्याचा उजेड बोटांआडून लालसर झिरपतो, चेहरा उजळतो आणि साडीच्या चुण्यांत मंदावत जातो. शिकणाऱ्याने आधी सावल्यांचा क्रम पाहावा: इतका उजेड त्या सावल्यांमुळेच दिसतो.