विश्लेषण : कॅम्पसवर जातीय भेदभाव झाल्यास कर्मचारी संघटना काय करू शकते?

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला विभागात जातीवरून टोमणे ऐकावे लागले, तर तक्रार कोणाकडे करायची? पुढच्या सत्राची नेमणूक ज्यांच्या हाती, बहुधा त्यांच्याकडेच. या पेचात एकट्याने लढणे कठीण. मग संघटना नेमकी कुठे उपयोगी पडते? वर्ध्याच्या संदर्भात समजून घेऊ.

एकाच शहरात वेगळे नियम कसे?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. बडतर्फीसारख्या कारवाईविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत ३० दिवसांची. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय मात्र केंद्रीय आहे. तेथे सेवाकराराचा वाद लवादाकडे नेण्याची तरतूद असून, लवादाचा एक सदस्य कर्मचारी सुचवू शकतो. चुकीच्या ठिकाणी अर्ज केला तर मुदत निघून जाते. त्यामुळे योग्य ठिकाण सांगणे ही संघटनेची पहिली मदत.

प्राध्यापक ‘कामगार’ आहेत का?

बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना ‘उद्योग’ मानले. मात्र १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामगार नाहीत, असे याच न्यायालयाने म्हटले. म्हणून प्राध्यापक संघटनांची भिस्त वाटाघाटी, बहिष्कार आणि न्यायालय यांवर असते. २०१३ मध्ये ‘एमफुक्टो’ने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. त्या काळातील ७१ दिवसांच्या थकलेल्या वेतनासाठी पुढे अनेक वर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला. एकट्यादुकट्याला तो झेपणारा नव्हता.

भेदभावाच्या तक्रारीचे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमांचा भर विद्यार्थ्यांवर आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही कवेत घेणारे नवे नियम १३ जानेवारी २०२६ रोजी अधिसूचित झाले. पण सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारीला त्यांना स्थगिती दिली आणि जुने नियम कायम ठेवले.

अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. मात्र अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला, हे सिद्ध व्हावे लागते. चार भिंतींच्या आत, साक्षीदाराविना झालेल्या बोलण्याला हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच घटनेची तारीखवार नोंद, लेखी तक्रारीची पोच, साक्षीदारांना धीर आणि चौकशीत सोबत ही संघटनेची साधी वाटणारी कामे निर्णायक ठरतात.

प्रक्रिया किती महत्त्वाची, हे वर्ध्याने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हिंदी विश्वविद्यालयाने सहा विद्यार्थ्यांना निष्कासित केले. दलित-बहुजन विद्यार्थ्यांनाच लक्ष्य केल्याचा आरोप झाला. देशभर पडसाद उमटल्यावर काही दिवसांतच ती कारवाई मागे घेण्यात आली.

संघटनेतच भेदभाव असेल तर?

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपावेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. संपाच्या नेत्यांनी अखेर तो मान्य केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले.

परदेशात काय घडले?

वंशभेदाविरुद्धच्या कलमांत आता जातीचाही समावेश होऊ लागला आहे. हार्वर्डमधील विद्यार्थी-कर्मचारी संघटनेच्या २०२१ च्या करारात जातीवरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण मिळाले. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या २३ कॅम्पससाठी तसेच धोरण जाहीर केले. तेथील प्राध्यापक संघटनेनेही ही मागणी रेटली होती.

मग इथे काय करता येईल?

वेतन, निवृत्तिवेतन आणि पदभरतीच्या मागण्यांसोबत भेदभावविरोधी कलम मागणीपत्रात घेता येईल. त्याआधी प्रत्येक संघटनेने आपली घटना तपासायला हवी. सभासदत्वासाठी कायम सेवेची अट असेल, तर तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला, म्हणजे ज्याला गरज सर्वाधिक त्यालाच, दार बंद राहते.